आधी इंजिनिअर, मग डॉक्टर आणि मधली वीस मिनिटं

संपादकांचा फोन आला तेव्हा ते खुशीत होते. "मॅडम, तुम्ही आधी बायोमेडिकल इंजिनिअर झालात आणि मग डॉक्टर. असा द्राविडी प्राणायाम कोण करतं? त्यातल्या गमतीजमती लिहा की दिवाळी अंकाला." मी हो म्हणून बसले. गमतीजमती आहेत आणि त्यातल्या एकदोन सांगणारही आहे. पण लिहायला घेतलं त्याच आठवड्यात तन्वी आणि तिचे वडील माझ्या ओपीडीत आले आणि माझा लेखाचा सगळा बेत फिसकटला.

मी रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका लहान सरकारी रुग्णालयात काम करते. गावाचं नाव मुद्दाम घालत नाही. तन्वी इथल्याच कोळीवाड्यातली, यंदा बारावी झालेली. वडील काशिनाथ नाखवा, त्यांची स्वतःची होडी आहे. शेवटचा पेशंट जाईपर्यंत दोघं बाहेरच्या बाकावर गपचूप बसून होते. आत आल्यावर नाखवांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मॅडम, पोरीला शीट लागलीय मुंबईला. बायोमेडिकलची. मेडिकलचा नंबर थोडक्यात हुकला. ती म्हनते, आधी ह्ये करते, मग डॉक्टरकीला बसते, मॅडमसारखी. उद्या पाचपर्यंत हो का नाय ते सांगायचं हाय. आमाला यातलं काय कलत नाय. तुमी सांगाल तसं करू."

मी तन्वीला विचारलं, "बायोमेडिकलच का? एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देता येते की."

ती जरा लाजली. "मॅडम, आईला आणलं होतं ना त्या दिवशी, तुम्ही मशीनची वायर काढून बघत होतात. बाकी आम्ही सगळे नुसते घाबरलेलो. तुम्हाला कळत होतं आत काय चाललंय ते. मला तेव्हाच वाटलं, आपल्याला हे यायला पाहिजे."

मी समोरचे केसपेपर आवरायला घेतले आणि म्हटलं, "उद्या सकाळी दहाला या. मग बोलू." त्यांना वाटलं, मॅडम कॉलेजची माहिती काढणार. माझी अडचण वेगळी होती. चार वर्षांपूर्वी तन्वीची आई गेली, त्यात माझ्या त्या इंजिनिअरिंगचा हात होता. हे मला माहीत होतं, आमच्या मोकल सिस्टरांना माहीत होतं. ज्या मुलीनं ते डोळ्यांनी पाहिलं, तिला माहीत नव्हतं. आणि तेच पाहून ती आयुष्याची वाट ठरवत होती.

मी स्वतः या वाटेला कशी लागले ते आधी सांगते. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आई अंगणवाडीत. मी डॉक्टर होणार हे मी सातवीतच जाहीर केलेलं. बारावीला जीवशास्त्राच्या जोडीला गणितही घ्यायला लावलं वडिलांनी. आभाळात ढग नसतानाही छत्री घेऊन निघणारा माणूस तो. ती गणिताची छत्री कामाला आली. मेडिकलच्या यादीत नंबर थोडक्यात हुकला. थोडक्यात म्हणजे किती, ते अजून कुणाला सांगत नाही. वर्षभर घरी बसून पुन्हा अभ्यास करायचा धीर माझ्यात नव्हता. पुन्हा हुकला तर? प्रवेशाच्या केंद्रावर फॉर्म भरून देणारे एक गृहस्थ होते. ते म्हणाले, "बायोमेडिकल घ्या ना. मेडिकलच आहे ते. फक्त दार दुसरं."

आम्ही तिघांनीही त्यावर विश्वास ठेवला. असं काही दार नसतं. चार वर्षं इंजिनिअरिंग करून तुम्ही पुन्हा त्याच रांगेत, त्याच परीक्षेला उभे राहता, फक्त आजूबाजूची मुलं तुम्हाला 'ताई' म्हणतात. ही माहिती कुणी लपवून ठेवलेली नव्हती. आम्हाला ती वाचायची नव्हती म्हणून आम्ही वाचली नाही.

गावात मात्र बायोमेडिकलमधलं 'मेडिकल' तेवढं पोचलं. पहिल्या सुट्टीत घरी आले तर शेजारच्या काकू दारातच जीभ बाहेर काढून उभ्या. "बघ गं, पांढरी दिसते का?" मी त्यांना ट्रान्झिस्टर कसा चालतो ते सांगू शकले असते. जिभेबद्दल मला त्यांच्याइतकंही कळत नव्हतं. माणसाचं हाड मोडलं तर कळायचं नाही, पण हाडाचा फोटो काढणारं मशीन मोडलं तर कळायचं, असं ते शिक्षण.

तरी ते मला आवडायला लागलं, हे कबूल करायला हवं. पेशंटला जे जे वायरीनं किंवा नळीनं जोडतात, ते सगळं आमचं. त्यातलं सगळ्यात साधं म्हणजे बोटाला लावतात तो चिमटा. एका बाजूनं लाल उजेड सोडायचा आणि बोटातून पलीकडे किती पोचला त्यावरून रक्तात प्राणवायू किती ते ठरवायचं. धडधाकट माणसाचा आकडा पंच्याण्णवच्या वर. नव्वदच्या खाली उतरला की आमची धावपळ सुरू. पण बोट थरथरत असेल, नखांना रंग असेल किंवा बोट गार पडलेलं असेल, तर हा चिमटा बिनदिक्कत खोटं सांगतो. त्यात आमचा खारा वारा. वायरीच्या पिनांवर महिन्याभरात हिरवा थर चढतो. आमचे एक सर पहिल्याच तासाला म्हणाले होते, "समोरचा आकडा खोटा आहे असं धरून चाला. खरा असेल तर तो तसा सिद्ध करायचा." ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. पुढं पुन्हा परीक्षा देऊन मेडिकलला गेल्यावर दुसरं ऐकलं, मशीनकडे नाही, पेशंटकडे बघा. तेही लिहून घेतलं. फक्त ते वहीच्या मधल्या कुठल्यातरी पानावर गेलं.

इथं नोकरीला लागले आणि पहिल्याच महिन्यात माझा डंका वाजला. एका आजोबांचा ईसीजी काढला होता. पट्टीवर करवतीसारखे दात. माझ्या सोबतच्या डॉक्टरांनी ताबडतोब अलिबागला जिल्हा रुग्णालयात हलवायचं ठरवलं. घरच्यांची रडारड सुरू झाली. आजोबा मात्र बिस्किट खात होते. मी पाहिलं, त्यांचे हात थरथरत होते. कंपवाताचे जुने पेशंट. त्या हातांची थरथर पट्टीवर उमटत होती. मी हातांखाली उशा दिल्या, दोन्ही मनगटं धरून बसले आणि पट्टी पुन्हा काढायला लावली. दात गेले, पट्टी नीट आली. मुलगा डोळे विस्फारून म्हणाला, "मॅडम, तुमी केलात काय नेमकं?"

"हात धरले," मी म्हटलं.

झालं. त्या दिवसापासून मी 'मशीनवाल्या मॅडम'. बाळांना ऊब देणारं मशीन तापत नाही, बोलवा मॅडमना. दुसऱ्या दवाखान्यातून फोन, मॅडम, कफ ओढायचं सक्शन चालत नाही. एका घरी प्राणवायूचं यंत्र वारंवार बंद पडायचं. जाऊन पाहिलं तर धूळ बसू नये म्हणून आजोबांनी त्याला जाड टॉवेल पांघरलेला, वर हळदकुंकू. एका काकूंनी तर पिशवीतून मिक्सर आणला. तोही मी दुरुस्त करून दिला. दुसऱ्या डॉक्टरांना जे दिसत नाही ते आपल्याला दिसतं, ही भावना फार गोड असते. मी तिच्यावर चांगली पोसले होते.

तो शनिवार होता. सकाळी साडेनऊच्या सुमाराला मंदाताई, म्हणजे तन्वीची आई, बंदरावरचा मासळीचा लिलाव उरकून आली ती चालत आली. तीन दिवस ताप अंगावर काढलेला. सोबत तन्वी, शाळेच्या गणवेशात, नववीतली.

"जरा दम लागतोय," मंदाताई म्हणाली. "बाकी काय न्हाय."

मोकल सिस्टरांनी तिच्या बोटाला चिमटा लावला. मोकल सिस्टर म्हणजे आमच्या रुग्णालयाचा कणा. कितीतरी डॉक्टर आले नि बदलून गेले, त्या तिथंच. छातीवर पिन लावलेलं घड्याळ, आवाज कधी चढवणार नाहीत. त्यांनी मशीनच्या पडद्याकडे पाहिलं. "मॅडम, ब्याऐंशी दाखवतंय."

मी मंदाताईचा हात हातात घेतला. गारठलेला. "बर्फात होते का हात?"

"व्हय, सकालपासनं बर्फातच हायत."

बस. मला कारण सापडलं. ब्याऐंशी आकड्याचं माणूस असं चालत येईल? बोलेल? बोट गार आहे, मशीन खोटं बोलतंय. पुढं शिकले की काही माणसं त्या आकड्यालाही चालतात, बोलतात आणि मग एकाएकी कोसळतात. पण त्या सकाळी मला तेवढंच दिसलं जेवढं बघायचं होतं.

सिस्टरांनी विचारलं, "ऑक्सिजन लावू का?"

"थांबा. आधी आकडा तरी खरा कळू दे."

हे वाक्य मी गेली चार वर्षं रोज ऐकते आहे, माझ्याच आवाजात.

मी बोट बदललं. एक्क्याऐंशी. चिमटा काढून वायरीची पिन पाहिली, हिरवी पडली होती. मला आनंद झाला, हे लिहायला नको वाटतं, पण झाला. स्पिरिटच्या बोळ्यानं पिन घासायला घेतली. नीट दिसेना म्हणून तन्वीला म्हटलं, "बाळ, मोबाइलचा उजेड धर जरा." तिनं आईच्या पर्समधला मोबाइल काढला आणि उजेड धरला. पिन चकचकीत झाली. मी चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव.

इथं तरी मी थांबायला हवं होतं. मशीन माझ्या बोटावर अगदी बरोबर चाललं होतं. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझं बोट गरम आहे ना." मग कोमट पाण्याचं भांडं मागवलं आणि मंदाताईचे हात त्यात बुडवायला लावले. पुसून पुन्हा चिमटा. ऐंशी. मग कानाच्या पाळीला. एकोणऐंशी. मला त्या आकड्याचा रागच यायला लागला होता. मिश्रीमुळे ओठ निळे पडलेत का ते कळत नव्हतं, अशी सबब मी नंतर बरेच दिवस स्वतःला देत होते. खरी गोष्ट अशी की मी ओठांकडे पाहिलंच नव्हतं.

मग सिस्टरांनी मला न विचारता मास्क उचलला आणि मंदाताईच्या तोंडावर लावला. इतक्या वर्षांत त्यांनी डॉक्टरला न विचारता काही केलेलं मी पाहिलं नव्हतं. "मॅडम, मी श्वास मोजलाय. मिनटाला अडतीस हाय. आकडा खरा हाय."

तेव्हा मी पहिल्यांदा मंदाताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नाकपुड्या फुललेल्या, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, दोन शब्द बोलायलाही दम पुरत नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं गेली होती.

पुढचं भराभर झालं आणि तरी उशिरा झालं. रुग्णवाहिका आली, मी आत तिच्यापाशी बसले, तन्वी पुढं ड्रायव्हरशेजारी. शनिवार, त्यामुळे काशीदला समुद्राच्या बाजूनं पर्यटकांच्या गाड्या दोन्हीकडे लावलेल्या. सायरन वाजवत वाजवत इंच इंच पुढं सरकलो. मंदाताईनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. रेवदंड्याचा पूल यायच्या आधी ती पकड सुटली. मी अलिबागपर्यंत छाती दाबत राहिले.

दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया पसरला होता. आमचे वरिष्ठ म्हणाले, "फार उशिरा आली. वीस मिनिटांनी काही फरक पडला नसता. आणि ते ट्रॅफिक." ते मला धीर देत होते. पण फरक पडला नसता, हे कुणी मोजलं? ट्रॅफिक मी लावलं नव्हतं, ती वीस मिनिटं मी लावली होती. केसपेपरवर मी सगळ्या वेळा खऱ्या लिहिल्या. कुणी काही विचारलं नाही. मीही कुणाला आपणहून सांगितलं नाही.

महिन्याभरानं काशिनाथ नाखवा पापलेटं घेऊन आले. म्हणाले, "तुमी शेवटपर्यंत सोडलं नाय तिला." मी ती पापलेटं घेतली. त्याची लाज अजून जात नाही.

तर अशी ही गोष्ट, आणि तिच्यावर भरवसा टाकून तन्वी उद्या पाचच्या आत आपलं नाव नोंदवणार होती. ती दोघं निघून गेल्यावर मी मोकल सिस्टरांकडे गेले. त्या इंजेक्शनच्या ट्रॉलीवर कापूस भरत होत्या. मी म्हटलं, "सिस्टर, तिला सांगू का? आता सांगून काय मिळणार? उलट पोरीचं मन मोडेल. नाखवा उद्या गावभर करतील." मीच प्रश्न विचारत होते आणि मीच उत्तरं देत होते.

सिस्टरांचा हात थांबला नाही. "चार वर्षं मला वाटतंय, आज सांगतील, उद्या सांगतील."

दुसऱ्या दिवशी दोघं पावणेदहालाच हजर. तन्वीनं कागदपत्रांची फाइल आणली होती, पारदर्शक पिशवीत घातलेली. मी दार लावून घेतलं आणि सांगितलं. काही वगळलं नाही. गार बोटं, हिरवी पिन, माझ्या बोटावरचा अठ्ठ्याण्णव, सिस्टरांनी विचारलं होतं ते, आणि मी थांबा म्हटलं ते.

नाखवा उठून खिडकीशी गेले. पाठमोरेच म्हणाले, "म्हंजे, ती वाचली असती?"

"माहीत नाही. बहुतेक नाही. पण ती वीस मिनिटं तिच्या हक्काची होती. ती मी मशीनला दिली."

त्यांनी ओरडावं, शिव्या द्याव्यात, असं मला मनापासून वाटत होतं. ते खिडकीतून बाहेरच्या माडांकडे बघत राहिले.

तन्वी फाइलच्या पिशवीची घडी घालत होती, उलगडत होती. मग म्हणाली, "मॅडम, उजेड मी धरला होता."

"हो, मीच सांगितलं होतं तुला."

"मी पण पिनकडेच बघत होते. आई माझा हात ओढत होती. दोनदा ओढला. मला वाटलं, मोबाइल हलतोय म्हणून तुम्ही ओरडाल." तिनं पिशवी मांडीवर दाबून धरली. "मी हात सोडवून घेतला."

मी तिच्या वयाची असताना मार्कांना घाबरत होते. ही मुलगी चार वर्षं हे घेऊन फिरत होती आणि मी तिकडे माझ्या एकटीच्या दुःखाला कुरवाळत बसले होते. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "तन्वी, नीट ऐक. तू चौदा वर्षांची होतीस. तुझं काम उजेड धरायचं होतं, ते तू केलंस. बघायचं काम माझं होतं." हे मी तिला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती रडली. नाखवा खिडकीपासून आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ते त्यांचं बरोबरच होतं.

जाताना तन्वीनं विचारलं, "मग घेऊ का सीट?"

"विषय वाईट नाही. मला आजही आवडतो. पण ते दार मेडिकलचं नाही, हे धरून चाल. परीक्षा पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागते. आणि घ्यायचीच तर तुझ्यासाठी घे. माझ्यासारखं व्हायला घेऊ नको."

साडेचारला तिचा फोन आला. सीट घेतली होती. बरं केलंस, असं काही माझ्या तोंडातून निघालं नाही. मी फक्त पप्पा कसे आहेत ते विचारलं. ते जेवले नव्हते, होडीवर जाऊन बसले होते. मी फोन ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, उद्या मी पण अशीच आकड्याकडे बघत बसले, तर मला कोण सांगेल?"

मी म्हटलं, मला सांगायला मोकल सिस्टर होत्या. आणि मी डॉक्टर होते म्हणून त्यासुद्धा वीस मिनिटं थांबल्या होत्या. तेही मी तिला सांगून टाकलं.